न मिटणारा चाकू

मला बघायला पाहुणे आले त्या रविवारी माझ्या डाव्या हाताच्या बोटाला भलं मोठं बँडेज होतं. वहिनी सकाळपासून बजावत होती, ट्रे उजव्या हाताने धर, डावा ओढणीखाली ठेव. चाळिशी कधीच मागे पडलेल्या बाईने चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायचं, तेही एका हाताने, या कल्पनेनेच मला हसू फुटत होतं. शेवटी वहिनीनेच ट्रे नेला. मी तिच्या मागून रिकाम्या हाताने आले आणि नमस्कार करताना लपवायचं बोटच सगळ्यांत पुढे आलं.

दादाचं घर पालघरला. मी बोईसरला एकटी राहते आणि तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. पाहुणे म्हणजे एकटे तेच. बरोबर ना कोणी काका, ना कोणी आत्या. वयाने पन्नाशीचे, अंगाने बारीक, मूळचे जळगावकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला शिकत होती. नोकरी बोईसरलाच, एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात. यंत्रांचे लोखंडी भाग भट्टीत लाल करायचे, तेलात बुडवायचे आणि टणक करून परत पाठवायचे, असं त्यांचं काम. हे सगळं वहिनीने मला आधीच ऐकवलं होतं आणि मी "बघू" म्हणाले होते. माझ्या "बघू"चा अर्थ "नाही" असतो हे वहिनीला ठाऊक होतं, पण तिने ते कानाआड केलं.

"बोटाला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"चाकू मिटला," मी म्हणाले.

"मिटला?"

"घडीचा होता. लाकडाच्या बारीक ढलप्या काढत होते. जोर लावला आणि पातं बोटावर मिटलं. टाके पडले."

इथे माणसं "अरेरे" म्हणतात. दादा म्हणालाही. वहिनीने घाईघाईने पोह्यांची बशी पुढे केली. पण त्यांनी हातातला कप खाली ठेवला, खुर्चीत जरा पुढे सरकले आणि म्हणाले, "त्याला खटका कसला होता? आतून पट्टी सरकते तो, की पाठीवर दाबायचा?"

तोवर मी त्यांच्या मोज्यांकडे बघत बसले होते. आता मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी उत्सुकता होती.

"पट्टीचा," मी म्हणाले.

"मग ती झिजली असणार. तिच्या भरवशावर लाकडाशी झटायचं नाही."

"ते आता कळलं."

"तुम्हाला न मिटणारा चाकू हवा. पातं आणि मूठ एकसंध. म्हणजे लोखंडाची पट्टी मुठीच्या टोकापर्यंत गेलेली आणि दोन्ही बाजूंनी लाकूड ठोकून बसवलेलं. तो मिटायचं म्हटलं तरी मिटत नाही."

"तसलाच शोधतेय. पण आपल्याकडे एक तर भाजीची सुरी मिळते, नाही तर खाटकाचा सुरा. मधलं काही नाही."

"मधलंच तर अवघड असतं," ते म्हणाले.

पोहे गार झाले. पातं केवढं असावं, पाठ किती जाड असावी, मूठ लाकडाची बरी की रबराची, हे सगळं बोलून झालं. पगार कोणी विचारला नाही, पत्रिका कोणी काढली नाही. मध्येच त्यांनी वहिनीला विचारलं की तुमच्या विळीचं पातं कुठलं आहे, धार किती दिवस टिकते. वहिनी त्यांना फ्लॅट स्वतःचा आहे की भाड्याचा हे विचारायच्या तयारीत होती. तिने तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाली, "माहेरून आणलीय."

ते गेल्यावर वहिनी सोफ्यावर बसली. "तुम्ही सुऱ्यांवर बोलत होतात," ती मला म्हणाली. "माणूस पहिल्यांदा घरी आला आणि तुम्ही पूर्ण वेळ सुऱ्यांवर बोलत होतात."

"मला तर मजा आली," दादा म्हणाला. वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून बशा गोळा करायला लागला.

मी लाकडाच्या ढलप्या का काढत होते ते सांगायला हवं. लॅबमधल्या दोन मैत्रिणी आणि मी, आम्हाला उशिराच एक वेड लागलं होतं. थंडीत रविवार धरून एखादी सुट्टी मिळाली की तंबू घेऊन निघायचं. फार लांब नाही. मासवणजवळ सूर्या नदीच्या काठाला आमच्या ओळखीच्या एका मावशींचं छोटं शेत आहे. पावसाच्या पाण्यावर एकच भाताचं पीक. ते निघालं की त्यांची मुलं कामासाठी भिवंडीकडे जातात आणि मावशी एकट्या घर सांभाळतात. आम्ही गेलो की त्यांना सोबत होते आणि आम्हाला मोकळं शेत मिळतं. तिथे आम्ही तीन प्रौढ बायका लाकडं गोळा करायचो, चूल पेटवायचो, दोऱ्या बांधायचो आणि घरी कधी हसलो नसू इतकं हसायचो. जाड लाकूड एकदम पेटत नाही. त्याच्या फुलासारख्या पातळ ढलप्या काढाव्या लागतात. त्या काढतानाच माझं बोट सापडलं होतं.

मंगळवारी जेवायच्या सुट्टीत फोन वाजला. "मुठीचा विचार केलात का?" पलीकडून आवाज आला. कोण बोलतंय, कशा आहात, काही नाही.

मी लॅबच्या मागच्या जिन्यात उभी राहून मुठीवर बोलले. ओल्या हाताला सुटणार नाही अशी हवी, पण फार खडबडीत असली तर तळव्याला फोड येतात, यावर आमचं एकमत झालं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा माझा डबा तसाच होता. संध्याकाळी घरी जाऊन डबा धुवायला उघडला तेव्हा लक्षात आलं की दिवसभर भूकच लागली नव्हती. आपल्याला ताप आहे की काय म्हणून मी कपाळाला हात लावून बघितला. मग आरशात बघितलं. मी हसत होते. आरशासमोर एकटी उभी राहून, डबा हातात धरून.

शनिवारी आम्ही बोईसरच्या बाजारात भेटलो. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मीही कपाटातला निळा ड्रेस काढला होता, आणि आम्ही दोघं भांडी-हार्डवेअरच्या दुकानात उभे होतो. दुकानदाराने आम्हाला नीट न्याहाळलं.

"चिकन के लिए चाहिए या मटन के लिए?"

"लकड़ी के लिए," मी म्हणाले.

"लकड़ी के लिए कुल्हाड़ी है न, मॅडम."

"लकड़ी भी, टमाटर भी, रस्सी भी," ते म्हणाले.

दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "नया घर बसा रहे हो क्या?"

आम्ही दोघं एकाच वेळी "नहीं" म्हणालो आणि ते जरा मोठ्यानेच म्हटलं गेलं. शेजारी बादल्या बघणारी बाई वळून बघायला लागली. ते इतके गोरेमोरे झाले की त्यांनी पाव किलो खिळे घेतले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "खिळे कशाला?" ते म्हणाले, "मलाही कळलं नाही." आम्ही खिळ्यांची पुडी घेऊन वडापाव खाल्ला.

मग मी म्हटलं, लोहाराकडून करून घेऊ. मनोरच्या रस्त्याला एक लोहार बसतो. गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा. कोयते, खुरपी, कुदळी करतो. त्याने ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा काढून दाखवला आणि म्हणाला, "ह्याच्यापेक्षा चांगला लोखंड नाय." यांनीही मान हलवली, लोखंड खरंच चांगलं होतं. मी माझा तळवा पुढे करून सांगितलं, पातं एवढंच हवं, तळव्याएवढं. आठवड्याने आणायला गेलो तेव्हा त्याने जे काढून दिलं ते माझ्या कोपरापर्यंत पोचत होतं.

"भाऊ, हे मोठं झालं," मी म्हणाले.

"छोटा करायला बसलेलो," तो म्हणाला. "माझा हात मोठाच पडतो. पण काम कसा झालाय बघा."

काम सुरेख झालं होतं. फक्त तो चाकू नव्हता, कोयत्याचा धाकटा भाऊ होता. आम्ही तो घेतला, कारण लोहार इतका खूश होता की नको म्हणवेना. माझ्या स्कूटरच्या डिकीत तो मावला नाही. ते मागे बसले आणि चादरीत गुंडाळलेला तो ऐवज दोन्ही हातांनी छातीशी धरून बोईसरपर्यंत आले. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला मी हळू करायचे आणि मागून "ठीक आहे, ठीक आहे" असा आवाज यायचा.

आता राहिलं ऑनलाइन मागवणं. पण तिथे हातात धरून बघता येत नाही. मूठ बसेल की नाही कसं कळणार? "माप घेऊ," ते म्हणाले. "सगळ्या चाकूंच्या मुठीची मापं दिलेली असतात. तुमच्या हाताचं माप असलं की झालं."

त्या रविवारी आम्ही घिवलीला समुद्रावर गेलो होतो. ओहोटी होती. काठ्यांवर बोंबील वाळत होते, लांबवर अणुऊर्जा केंद्र दिसत होतं. आम्ही एका उलट्या घातलेल्या होडीला टेकून शेंगा खात होतो. त्यांनी शर्टाच्या खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढला. कारखान्यात लोखंडी दांड्यांची जाडी मोजतात तो, दोन दातांचा.

"हात," ते म्हणाले.

मी शेंगांची टरफलं झटकून हात पुढे केला. त्यांनी माझा हात हातात घेतला नाही. खालून नुसता दोन बोटांचा आधार दिला आणि कॅलिपरच्या दातांत माझा तळवा अलगद धरला. लोखंड थंड होतं. ते मान वाकवून, भुवया जवळ आणून रेघा वाचत होते. मी श्वास रोखून धरला, कारण हलले तर माप चुकेल. असं मी स्वतःला सांगत होते. एवढ्या वर्षांत माझ्याकडे कोणी इतक्या लक्षपूर्वक बघितलं नव्हतं, आणि तेही दशांश मिलिमीटरपर्यंत.

बोंबील उलटत असलेली एक मावशी कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती. "काय रं," ती त्यांना म्हणाली, "बांगड्यांचा माप घेतंस काय?"

"नाही मावशी," ते मान वर न करता म्हणाले, "चाकूच्या मुठीचं."

मावशीने यावर थोडा वेळ विचार केला. मग मला म्हणाली, "बांगड्या घे पोरी. चाकूचा बघू मागून." आणि पुन्हा बोंबलांकडे वळली. मला पोरी म्हणून हाक मारून किती वर्षं झाली होती देव जाणे. त्या नशेत मी परतीच्या वाटेवर वळण चुकले आणि आम्ही वाणगावच्या रस्त्याला लागलो. दोघांनाही ते बरंच पुढे गेल्यावर कळलं.

मापं घेऊन आम्ही तीन चाकू मागवले. एक कार्बन स्टीलचा, काळपट, साधा, लाकडी मुठीचा. एक स्टेनलेसचा, जवळजवळ तसाच. आणि तिसरा मी हट्टाने मागवला, कारण फोटोत तो फार रुबाबदार दिसत होता. पाठीवर करवतीचे दात, रबरी मूठ, मुठीच्या टोकाला होकायंत्र. घरी दिवसा कोणी नसतं म्हणून मी पत्ता कारखान्याचा दिला. ही माझी चूक.

पार्सल आलं तेव्हा गेटवरच्या सुरक्षारक्षकाने नियमाप्रमाणे ते उघडलं. मला खाली बोलावणं आलं. टेबलावर तीन चाकू ओळीने मांडलेले, बाजूला रक्षक आणि आमचे सेफ्टी ऑफिसर. सेफ्टी ऑफिसर फार भले गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता, वेड्या माणसाशी बोलताना होतो तसा.

"मॅडम, हे कशासाठी आहेत?"

मला कॅम्पिंग म्हणायचं होतं. खरंच. पण तोंडातून आलं, "लग्नासाठी."

रक्षकाने होकायंत्रवाला चाकू जरा माझ्यापासून लांब सरकवला. मग मी बोटापासून सुरुवात करून सगळं सांगितलं, खिळ्यांसकट. सांगता सांगता मलाच हसू आवरेना, सेफ्टी ऑफिसरना आवरेना, रक्षक तर भिंतीला टेकला. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर पार्सल गेटवरूनच घ्यायचं आणि आत एक पाऊल आणायचं नाही, या अटीवर सुटका झाली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझं अभिनंदन करायला माणसं येऊ लागली. मी अजून कोणाला होकार दिला नव्हता आणि मला कोणी विचारलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. "काकू, तुम्हीच त्या चाकूवाल्या का?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. "बाबा मला रोज फोन करून पात्याच्या जाडीबद्दल सांगतात," ती म्हणाली. "आधी फोन केला की 'जेवलीस का' एवढंच विचारायचे. तुम्ही लवकर ठरवू नका हं. म्हणजे चाकू."

चाकू पारखायला मासवणला जायचं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी माझ्या आनंदात मिठाचा खडा पडला. माझं पहिलं लग्न तरुणपणीच झालं होतं आणि लवकरच संपलं होतं. तो माणूस वाईट नव्हता. लग्नाआधी मी काहीही म्हटलं की तो "हो, बरोबर आहे" म्हणायचा. नोकरी करेन, हो. आईला दर महिन्याला भेटेन, हो. लग्नानंतर कळलं की ते "हो" नव्हतंच, विषय मिटवायची ती त्याची पद्धत होती. आणि आता हे. बाजारात, समुद्रावर, फोनवर, आमचं सगळ्यावर एकमत होत होतं. मला वाटलं, हेही नुसते मान हलवत असतील तर?

मासवणला मी, ते आणि माझ्या दोन्ही मैत्रिणी गेलो. लख्ख सकाळ होती, नदीवर पातळ धुकं. आम्ही दोघांनी परीक्षा ठरवल्या होत्या, आणि एक लॅबमधली बाई आणि एक भट्टीवरचा माणूस मिळून परीक्षा ठरवतात तेव्हा त्या सोप्या नसतात. टोमॅटो कापायचा, दोरी कापायची, ढलप्या काढायच्या, मूठ ओली करून धरायची, पात्याची पाठ चकमकीच्या कांडीवर घासून ठिणगी पाडायची आणि शेवटी पातं लाकडावर उभं ठेवून वरून दुसऱ्या लाकडाने ठोकून ओंडका फाडायचा. प्रत्येक चाकूला सारखंच लाकूड, सारखाच टोमॅटो. मावशी ओट्यावर बसून बघत होत्या.

"ह्या टमाट्यांनी काय केलं तुमचं?" त्या म्हणाल्या.

रुबाबदार चाकू टोमॅटोतच नापास झाला, टोमॅटो चिरडला. ओंडक्यावर ठेवून पहिला ठोका मारला तसं पातं मुठीतून निघून लाकडातच राहिलं. आतली पट्टी जेमतेम अंगठ्याएवढी होती. माझ्या हातात होकायंत्रासह रबरी मूठ उरली. यांनी ती हातात घेऊन गंभीरपणे फिरवली आणि म्हणाले, "उत्तर मात्र बरोबर दाखवतंय." माझी मैत्रीण हसता हसता चटईवर आडवी झाली.

मध्येच मावशींनी लोहाराचा लांबलचक चाकू चादरीतून काढला होता. त्याने त्यांनी बांधावरची एक वाळकी फांदी तोडली, परत आल्या आणि म्हणाल्या, "ह्यो मी ठेवतंय." त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आम्हाला फार बरं वाटलं.

राहिले दोन. काळपट आणि स्टेनलेस. दोघंही सगळ्यांत पास. काळपटाने ढलप्या काढताना तर अशी पातळ वलयं निघत होती की मी एक कानामागे खोवली. त्याच्या पाठीने ठिणग्याही भरभरून पडल्या.

"हाच," ते म्हणाले. "धार बघा. आणि दगडावर दोन हात फिरवले की पुन्हा तशीच येते."

"मला स्टेनलेस आवडला," मी म्हणाले.

"का?"

"काळपटाला दर वेळी पुसून तेल लावावं लागेल. आपल्याकडची हवा खारी. माझ्या खिडकीचे गंजलेले गज बघा एकदा. मी तेल लावणार नाही, मला माहीत आहे."

"तेल लावायला कितीसा वेळ लागतो? लॅबमध्ये रोज काचेची भांडी धुताच ना."

"म्हणूनच घरी धुवायचा कंटाळा येतो."

"धार महत्त्वाची की कंटाळा?"

"कंटाळा. तो कायमचा असतो."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मी पहिल्यांदाच बघत होते. ते म्हणाले, एवढा चांगला चाकू केवळ आळसापायी सोडणं त्यांना पटत नाही. मी म्हणाले, चाकू वापरणारी बाई कशी आहे हे विसरून निवडलेला चाकू कितीही चांगला असला तरी तो चुकीचाच. ते म्हणाले, बाई बदलू शकते. मी म्हणाले, चाकू बदलणं जास्त सोपं आहे. आवाज चढले. मैत्रिणी गुपचूप उठून नदीकडे गेल्या. मी आता वाट बघत होते. आता ते म्हणणार, बरं बाई, तुम्ही म्हणाल तसं.

ते खाली बसले. दोन्ही चाकू पुन्हा हातात घेऊन बघितले. मग स्टेनलेसचा माझ्या हातात दिला. "मला अजूनही पटत नाही," ते म्हणाले. "मी काळपटच घेतला असता. पण हात तुमचा आहे, हा घ्या. तुमच्या मुठीला बसतो तर बरोबर."

मला काय झालं ते सांगता येत नाही. शेताच्या बांधावरून धावत सुटावंसं वाटलं. "माझं मन राखायला तरी हो म्हणायचं होतंत," मी म्हणाले.

"चाकूच्या बाबतीत खोटं कसं बोलणार?" ते म्हणाले. "बोट जातं."

मी हसायला लागले आणि थांबताच येईना. तेही हसायला लागले, आठीसकट. शेवटी मी डोळे पुसत म्हणाले, "आणि लग्नाचं काय?"

"त्यात मला काही अडचण दिसत नाही," ते म्हणाले. मग घाईने, "तुम्हाला दिसते का?"

"तेल मी लावणार नाही."

"माझ्या चाकूला मी लावीन."

मावशींनी ओट्यावरून हाक मारली. "झाला का तुमचा भांडण? भाकरी गार होतंय."

आम्ही पालघरला नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलगी पुण्याहून आली, दादाने सही केली, आणि वहिनी सबंध वेळ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की स्थळ तिने आणलं. सेफ्टी ऑफिसर कारखान्याच्या वतीने फुलं घेऊन आले आणि त्यांनी पिशवी स्वतः उघडून आत फक्त फुलंच आहेत हे मला दाखवलं.

लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघंच मासवणला गेलो. त्यांच्या मनात चमचा कोरायचं आलं. करंजाचं एक जाड लाकूड घेऊन ते नदीकाठी बसले आणि सबंध सकाळ कोरत राहिले. मी माझ्या चाकूने कांदा चिरला, लसूण सोलला, चुलीवर डाळ चढवली, नदीत पाय सोडून बसले, परत आले, तरी ते कोरतच होते. सरळ पात्याने खोलगट कोरणं फार जिकिरीचं काम. शेवटी त्यांनी चमचा वर धरला. दांडा सुरेख होता. वाटीच्या तळाला मात्र शेंगदाण्याएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पलीकडची नदी दिसत होती.

"थोडंसं जास्त कोरलं गेलं," ते म्हणाले.

मी म्हणाले, वाढायचं याच चमच्याने. डाळ पातेल्यातून वर येता येताच गळून जायची. मग त्यांनी भाताची थाळी उचलून पातेल्यापाशी आणली आणि चमच्याच्या बरोबर खाली धरली. मी उचलायचे, ते थाळी घेऊन चमच्यापाठोपाठ पळायचे, आणि असं करत करत आमचं जेवण झालं.